येतो न म्हणता

काही गोष्टींचा शेवटच तेवढा लक्षात राहतो. मधल्या मारामाऱ्या, राक्षस, संकटं, सगळं हळूहळू विसरायला होतं. पण शेवटी कोण कसं उठून गेलं ते मात्र मनात बसून राहतं. माझं तसं एका टीव्ही मालिकेतल्या गोष्टीबद्दल झालंय. आजीबाईंना एकदम टीव्ही मालिका कुठून सुचली असं काहीजण म्हणतील. त्यातून ती मराठी नाही, हिंदी नाही, सासू-सुनांची तर मुळीच नाही. गोष्ट घडते चंद्रावर.

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. इंग्लंडमध्ये ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि तिथल्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच सुरू झालं १९७२ च्या गांधीजयंतीला, त्यामुळे आमच्या पिढीला या डॉक्टरचा पत्ता असायचं कारणच नव्हतं. लेकीकडे गेले होते तेव्हा नातवाला शेजारच्या आजोबांनी एक जुनी डीव्हीडी दिली. ते गृहस्थ लहानपणी ही मालिका सोफ्याच्या मागे लपून बघत असत म्हणे. नातू अकरा वर्षांचा. त्याला काळं-पांढरं चित्र बघायला सोबत हवी होती, म्हणून मला बसवलं. आणि चार भाग संपेपर्यंत मीच जास्त गुंगले!

गोष्टीचं नाव 'द मूनबेस', म्हणजे चंद्रावरचा तळ. चार भागांची ही गोष्ट ११ फेब्रुवारी ते ४ मार्च १९६७ या काळात दर शनिवारी दाखवली गेली. तारखा मुद्दाम सांगतेय. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. म्हणजे ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी चंद्रावरची धूळ पाहिलेली नव्हती, सगळा हवाला कल्पनेवर. तरीही अंतराळवीर उड्या मारत मारत चालतात हे त्यांनी बरोबर दाखवलंय.

डॉक्टर म्हणजे दवाखान्यातला डॉक्टर नव्हे. हा परग्रहावरचा एक भटक्या माणूस. बाहेरून इंग्लंडमधल्या जुन्या निळ्या पोलीस चौकीच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या, पण आतून ऐसपैस असलेल्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. या गोष्टीत त्याचं काम पॅट्रिक ट्राउटन यांनी केलंय. बरोबर तिघं जण आहेत. पॉली आणि बेन ही लंडनची तरुण मंडळी, आणि जेमी हा १७४६ सालच्या स्कॉटलंडमधला, पाइप वाजवणारा पोरगा. निघाले होते मंगळावर, उतरले चंद्रावर. (आमच्या एस.टी.तून फलटणऐवजी लोणंदला उतरणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही.)

साल आहे २०७०. चंद्रावर घुमटासारखा एक तळ आहे आणि त्यात ग्रॅव्हिट्रॉन नावाचं अवाढव्य यंत्र. गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर ते पृथ्वीवरचं हवामान ताब्यात ठेवतं. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो मृगाच्या पावसाचा. असं यंत्र असतं तर आमच्या दुष्काळी भागातले लोक त्याची पूजा घालून मोकळे झाले असते. असो.

तर या तळावर वेगवेगळ्या देशांची माणसं काम करतायत आणि एकामागून एक आजारी पडतायत. अंगावर काळ्या रेषा उमटतात आणि माणूस कोसळतो. कारण कुणाला कळत नाही. प्रत्यक्षात सायबरमेन तळात शिरलेले असतात. सायबरमेन म्हणजे कधीकाळी आपल्यासारखीच असलेली माणसं. आयुष्य वाढावं म्हणून त्यांनी शरीराचा एकेक अवयव बदलून धातूचा, प्लॅस्टिकचा बसवला, आणि शेवटी त्रास नको म्हणून भावनाही काढून टाकल्या. यंत्र आणि माणूस यांच्या अशा मिश्रणाला सायबोर्ग म्हणतात. त्यांनी रोगाचं विष कशात मिसळलं असेल? साखरेत! कॉफीत साखर घेणारे तेवढे आजारी, बिनसाखरेची पिणारे धडधाकट. हा भाग बघताना मला आमच्या ह्यांची आठवण झाली. गेली वीस वर्षं डायबेटीस, बिनसाखरेचा चहा, आणि त्याबद्दल रोज सकाळी एक सुस्कारा. मी फोनवर त्यांना सांगितलं, "चंद्रावर तुम्ही वाचला असता." तेव्हापासून सुस्कारा बंद झालाय.

आणखी दोन गोष्टी मला फार आवडल्या. सायबरमेनच्या छातीवरची पेटी प्लॅस्टिकची. पॉलीला आठवतं की नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं नेलपॉलिश विरघळतं. मग त्यासारखी आणखी चार रसायनं एकत्र करून ती आणि बेन, जेमी आग विझवायच्या नळकांड्यांतून फवारा मारतात, आणि ते धातूचे राक्षस धूर सोडत कोसळतात. बेन तिला म्हणत असतो की हे पुरुषांचं काम, तू थांब. ती काही थांबत नाही. एरवी गोष्टभर तिला कॉफी करायला पाठवतात, आणि राक्षस मरतो तो तिच्या डोक्यातून निघालेल्या युक्तीनं. दुसरी गोष्ट म्हणजे घुमटाला भोक पडून आतली हवा भसाभसा बाहेर जायला लागते, तेव्हा ते बुजवतात कशानं, तर कॉफीच्या ट्रेनं. हवेच्या दाबानं ट्रे घट्ट चिकटून बसतो. शास्त्र कितपत खरं ते विज्ञानाच्या सरांनी सांगावं, पण वेळेला हाताशी असेल ते लावून चालवायचं, हे मला आपलं वाटलं. गळक्या वर्गात पावसाळे काढलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

जेमी सुरुवातीलाच पडून डोक्याला लागल्यामुळे तापात असतो. त्याला वाटतं, समोर उभा आहे तो आपल्या कुळात मरणाच्या वेळी न्यायला येणारा भुताचा पाइपवाला. चंद्रावर, २०७० सालात, यंत्रांच्या खडखडाटात तो पोरगा आपल्या आजीनं सांगितलेल्या मरणाला ओळखतो. आमच्या आजीला शेवटच्या तापात रेड्याच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. माणूस कितीही लांब गेला तरी मरणाचं रूप घरूनच घेऊन जातो.

शेवटी डॉक्टर ते हवामानाचं यंत्र चंद्राच्याच जमिनीकडे वळवायला लावतो. बाहेर उभे असलेले सायबरमेन आणि त्यांची यानं पाचोळ्यासारखी उचलली जातात आणि अवकाशात फेकली जातात. पृथ्वी वाचली. तळावरची मंडळी लगेच यंत्र पुन्हा जागेवर आणायच्या धांदलीत पडतात. तळाचा मुख्य हॉब्सन हुकूम सोडतोय, जो तो आपापल्या जागेवर, सगळ्यांच्या माना खाली. आणि त्या गडबडीत डॉक्टर आपल्या तिघांना खूण करतो, चौघं अंतराळाचे पोशाख चढवतात आणि हळूच बाहेर पडतात. हार नाही, तुरा नाही. "बरं, येतो" एवढंसुद्धा नाही.

नातवानं विचारलं, "आजी, दे डिडन्ट इव्हन से थँक यू?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना.

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. चुकून कुणी म्हटलं तर आतून आवाज येतो, "जातो काय, येतो म्हणावं!" निरोप घेताना परत येण्याचं वचन देऊन ठेवायचं ही आपली रीत. वर्गात मी मुलांना हे सांगायची, आणि मुलं मुद्दाम "बाई, जातो" म्हणून पळायची. डॉक्टर यातलं काहीच म्हणत नाही. मला सुरुवातीला ते थोर वाटलं. काम झालं, आता आपली गरज नाही, सत्कार घेत बसायचा नाही. आपल्या संस्कारांत हे अगदी बसतं. फळाची आशा न धरता केलेलं काम वगैरे.

पण मग मी आणखी विचार करत गेले, आणि तो विचार मला दोन-तीन ठिकाणी फिरवून आणता आणता एका घंटेपाशी घेऊन गेला.

आधी सायबोर्गचं सांगते. हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी तयार केला, आणि तोही अंतराळासाठीच. त्यांचं म्हणणं असं की अवकाशात पृथ्वीची हवा, पाणी वाहून नेण्याऐवजी माणसातच असे बदल करावेत की तो तिथे राहू शकेल. त्यांना ती आशेची गोष्ट वाटत होती. पुढे सहा वर्षांनी सायबरमेन जन्माला घातले ते गेरी डेव्हिस या लेखकानं आणि किट पेडलर या शास्त्रज्ञानं. 'मूनबेस' पेडलर यांचीच. हे गृहस्थ लंडनमध्ये डोळ्यांच्या संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांना भीती वाटत होती ती त्या काळी नव्यानं गाजत असलेल्या 'स्पेअर पार्ट' शस्त्रक्रियांची. एकेक भाग बदलत गेलो तर कुठल्या टप्प्याला माणूस माणूस राहत नाही?

'मूनबेस' दाखवून झाल्यावर नऊ महिन्यांनी, ३ डिसेंबर १९६७ ला, केपटाऊनमध्ये क्रिस्टियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. म्हणजे पेडलर यांची भीती अगदी दारात उभी होती म्हणायची.

आता आमच्या घरचं बघा. आमच्या ह्यांच्या छातीत २०१६ पासून पेसमेकर आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगं आहेत. या भिंगांची गोष्ट मोठी गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या काचांचे, खरं म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरोल्ड रिडली नावाच्या लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा हे तुकडे निमूट सांभाळतो, खवळत नाही. मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून त्यांनी १९४९ साली ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पेसमेकर शरीराच्या आत बसवला गेला तो १९५८ साली स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाला. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं. पण पुढे एकामागून एक वीसहून जास्त पेसमेकर वापरत हा माणूस २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. ज्यांनी ते यंत्र बनवलं आणि ज्यांनी बसवलं ते दोघंही त्याच्या आधी गेले.

म्हणजे व्याख्येनं बघायला गेलं तर आमच्या जेवणाच्या टेबलाशी रोज दोन सायबोर्ग आमटी-भात खातात. पण हे अजून 'श्यामची आई' वाचताना दोनदा चष्मा काढून पुसतात. तेव्हा माणूसपण जातं ते सुटा भाग बदलल्यानं नाही. सायबरमेनचंही तसंच आहे. हातपाय धातूचे झाले म्हणून ते भयंकर नाहीत. समोरचा माणूस आपल्याला दिसेनासा होणं, तो नुसता उपयोगाचा किंवा बिनउपयोगाचा वाटणं, हे त्यांचं खरं दुखणं. आणि त्याला छातीत यंत्र लागत नाही, हेही मी बऱ्यापैकी पाहिलंय.

चंद्रावरून खरोखर निघालेल्या माणसांचंही मग मी वाचून काढलं. चंद्रावर चालून आलेली माणसं एकूण बारा. शेवटचे दोघं अपोलो १७ चे, युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट. १४ डिसेंबर १९७२ ला ते तिथून निघाले आणि त्यानंतर आजपर्यंत चंद्रावर कुणी माणूस उतरलेला नाही. सर्नन शिडी चढण्यापूर्वी चार शब्द बोलले, शांततेचे, परत येण्याच्या आशेचे. म्हणजे अमेरिकन पद्धतीनं का होईना, 'येतो' म्हणाले. निघण्याआधी आपल्या लहान मुलीच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी धुळीत बोटानं लिहिली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. तिथे वारा नाही, पाऊस नाही. अक्षरं फार फार काळ राहतील.

पण मला त्याहून हलवून गेली ती निरोपाची दुसरी गोष्ट. तिथे पाठवणी करायला मागे कुणीच उरणार नव्हतं, तरी ते यान चंद्रावरून उडालं त्याचं चित्रण आहे, आणि त्यात कॅमेरा यानाच्या मागोमाग वर वर बघत जातो. हे कसं? तर चंद्रावर सोडलेल्या गाडीवर कॅमेरा होता आणि तो ह्यूस्टनमध्ये बसलेले एड फेन्डेल नावाचे गृहस्थ चालवत होते. पृथ्वीवरून हुकूम चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागतो, चित्र परत यायला पुन्हा तेवढाच. म्हणजे यान उडताना पाहून कॅमेरा वर केला तर उशीर झालेला असणार. म्हणून त्यांनी चित्राकडे न बघता, नुसती वेळ मोजून, आधीच हुकूम सोडला. आधीच्या दोन मोहिमांत हे नीट जमलं नव्हतं. या वेळी जमलं. पावणेचार लाख किलोमीटरवरून एक माणूस दारात उभा राहून, जाणारा वळणाआड होईपर्यंत बघत राहिला, एवढाच मी त्याचा अर्थ घेते.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ कोण विसरेल? चांद्रयान-३ चा विक्रम उतरला आणि आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. पण विक्रमला चंद्राच्या कक्षेपर्यंत ज्यानं नेलं, ते वाहक यान १७ ऑगस्टलाच त्याच्यापासून वेगळं झालं होतं. त्याच्यात इंधन शिल्लक राहिलं, म्हणून ऑक्टोबरमध्ये इस्रोनं त्याला चंद्राची कक्षा सोडायला लावली आणि ते पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं. इस्रोनं ही बातमी जाहीर केली ती ४ डिसेंबरला. चंद्रावरून परत यायचं तंत्र त्यातून शिकायला मिळालं, म्हणजे काम लहान नव्हे. पण मी दहा जणांना विचारलं तर एकालाही त्याचा पत्ता नव्हता. नवरीला सासरी पोचवून मुऱ्हाळी मुकाट्यानं परत यावा तसं ते परत आलं.

आता घंटेचं सांगते.

१९९५ च्या जूनमध्ये माझी आमच्या संस्थेच्याच एका दुसऱ्या गावच्या शाळेत बदली झाली. शाळेचं नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी कपाट उघडायला चाव्यांचा जुडगा मागितला, तर प्रत्येक चावीला कापडाची वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. लाल प्रयोगशाळेची, हिरवी ग्रंथालयाची, पांढरी मुलींच्या खोलीची. नवा शिपाई म्हणाला, "हे मामांचं आहे." त्या शाळेत मामांचं असलेलं बरंच काही होतं. माठाखालची विटांची बैठक मामांची, पावसात नोटीस वही भिजू नये म्हणून शिवलेली रेक्झिनची पिशवी मामांची. आणि कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, जी आमची घंटा, तो कुठूनतरी सायकलवर घालून मामांनीच आणलेला.

मामा आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. आता मास्तर मंडळींना एक गोष्ट ठाऊक असते. आमच्या काळातल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून! खरी तारीख घरात कुणाला माहीत नसायची, मग शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. मामांचीही तीच. १ जूनवाला माणूस निवृत्त होतो ३१ मे ला. म्हणजे ऐन सुट्टीत. शाळेला कुलूप, मुलं मामाच्या गावाला, शिक्षक परगावी. मुख्याध्यापकांची तारीखही मेमधलीच होती, पण त्यांचा निरोप समारंभ एप्रिलमध्येच उरकून घेतला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो. त्या समारंभाच्या खुर्च्या मामांनी लावल्या आणि मामांनीच उचलल्या. मामांचा समारंभ "शाळा उघडल्यावर करू" असं ठरलं. शाळा उघडली, प्रवेश सुरू झाले, पाऊस आला, पुस्तकं आली नाहीत, मग घटक चाचणी. झालं.

मामा मला भेटले ते वर्ष-दीड वर्षानं, एस.टी. स्टँडवर. कुणीतरी ओळख करून दिली. मी चाव्यांच्या चिंध्यांचं कौतुक केलं तर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. पांढरी चिंधी अजून आहे का, ती जीर्ण झाली होती, असं विचारलं. निरोपाचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला.

"समारंभ न्हाई झाला ते बरंच झालं बाई, मला काय भाषण येतंय व्हय. पण एक मेला निकाल वाटून झाला, घंटा दिली, पोरं पळाली. ती माझी शेवटची, हे मला ठाव होतं. दुसऱ्या कुणालाच ठाव नव्हतं."

एवढं बोलून ते हसले आणि त्यांची गाडी लागली म्हणून गेले. जाताना "येतो बाई" म्हणाले.

गावात मामांबद्दल सगळे एक वाक्य म्हणायचे: "मामांना असल्या गोष्टींची हौसच नव्हती, साधा माणूस!" डॉक्टरची ती चंद्रावरची एक्झिट बघितली आणि हे वाक्य मला इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकू आलं. मला आता असं वाटतं की मुकाट्यानं निघून जाण्याचे दोन प्रकार असतात. एकात माणूस स्वतः ठरवून उठतो. दुसऱ्यात त्याला कुणी बस म्हटलेलंच नसतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. आणि मागे राहणाऱ्यांना दुसरा प्रकार पहिल्यात घालून टाकणं फार सोयीचं जातं. साधेपणा जाणाऱ्याच्या नावावर लिहिला की आपलं देणं फिटतं.

डॉक्टरला मुकाट्यानं जाणं परवडतं, कारण त्याची पेटी बाहेर उभी आहे. यानात शिरल्या शिरल्या तो पुढचं दाखवणारा पडदा लावतो, तर त्यावर भलीमोठी नांगी दिसते, की पुढची गोष्ट तयार! ज्याला पुढे जायला जागा आहे त्याला मागे वळून बघायची गरज पडत नाही. मामांच्या पडद्यावर नांगी नव्हती. जूनची रिकामी सकाळ होती, आणि साडेदहाला लांबून ऐकू येणारी, दुसऱ्याच कुणीतरी दिलेली घंटा.

हॉब्सनच्या माणसांना मी फार दोष देत नाही. यंत्र जागेवर आणलं नसतं तर पृथ्वीवर वादळं झाली असती. कामं असतातच. प्रवेश असतात, पुस्तकं असतात. पण चौघांपैकी एकानं मान वर करून दाराकडे बघितलं असतं तर यंत्र काही बंद पडलं नसतं. फेन्डेल साहेबांचंही ते कामच होतं, आणि त्यांनी ते वेळ मोजून, आधीपासून तयारी करून केलं. निरोपाचं असंच आहे. माणूस निघाल्यावर बघू म्हटलं तर उशीर झालेला असतो. हुकूम आधी सोडावा लागतो. एप्रिलमध्येच.

माझी स्वतःची जन्मतारीखही सरकारी १ जूनच. पण मला शाल मिळाली, नारळ मिळाला, मुलींनी रडून घेतलं. तेव्हा माझी तक्रार नाही.

एक सांगायचं राहिलं. 'मूनबेस'चे चारही भाग आज शिल्लक नाहीत. त्या काळी टेप महाग, म्हणून जुने कार्यक्रम पुसून टाकायची बी.बी.सी.ची पद्धत होती. पहिला आणि तिसरा भाग कायमचे गेले, दुसरा आणि चौथा उरले. म्हणजे ते निघून जाणं तेवढं वाचलं. मग आम्ही चारही भाग कसे पाहिले? तर गेलेल्या भागांचं चित्र नसलं तरी आवाज उरला होता. १९६७ मध्ये काही मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरचा माईक टीव्हीसमोर धरून, घरातल्यांना गप्प बसवून, मालिकेचा आवाज टेप करून ठेवला होता. पुढे त्या आवाजावर नवी कार्टूनची चित्रं बसवून २०१४ मध्ये ती डीव्हीडी निघाली. मोठ्या संस्थेनं पुसलं आणि पोरांनी राखलं.

हे कळल्यावर मात्र मी उठले आणि हे लिहायला बसले. मामांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या शाळेत आता विजेची घंटा आहे, आपोआप वाजते. रुळाचा तुकडा भंगारात गेला असं कळलं. चित्र तर गेलंच. पण आवाज मला चांगला आठवतोय. शाळा भरताना मामांची पद्धत म्हणजे पहिले तीन ठोके सावकाश, मग एक थांबा, आणि मग भराभर, लांब रस्त्यावरच्या पोरांना पळत यायला लावणारे ठोके. हे मला त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शिपायानं वाजवून दाखवलं होतं. "मामा असं द्यायचे," म्हणाला, आणि तो निवृत्त होईपर्यंत तसंच देत राहिला.

तेवढं इथे नोंदवून ठेवते. तीन सावकाश, एक थांबा, मग भराभर.